कॅमेऱ्यावरचा दिवा
"मेणबत्ती तू विझवलीस, सूनबाई. मी खाटेपाशीच उभी होते."

"मी नाही विझवली, आई. जरा बाजूला धरा, एवढंच म्हटलं. दारातून वारा आला."

"फोड खापर वाऱ्यावर. तो बिचारा काय बोलायला येतोय?"

तिच्या लेकाचा, पांतेलिमोनचा, मामालिगाचा म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीचा घास हातातच राहिला. "आई, दिव्याची बॅटरी खराब आहे, म्हणून उतरते. त्यात मेलेल्या माणसाला कशाला ओढतेस?"

"तू गप जेव."

त्याची बायको रुक्सांद्रा टेबलावरच्या बॅटरीकडे बघत बसली. ओल्त नदीकाठच्या त्या गावातली निम्मी पोरं कामासाठी इटलीत नाहीतर स्पेनमध्ये. त्यांना चित्रण पाठवायचं म्हणून लग्न, बारसं, मयत, सगळीकडे रुक्सांद्राच्या कॅमेऱ्याला बोलावणं. बाकीचे चित्रण करणारे दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून सरळ तोंडावर मारत. माणसं पीठ फासल्यासारखी दिसत. रुक्सांद्रा तो लोखंडी पट्टीवर, कॅमेऱ्याच्या बाजूला बसवायची, वर पांढरा पातळ कागद लावायची, उजेड हळूहळू वाढवायची. "रुक्सांद्राच्या उजेडात माझी सासूसुद्धा प्रेमळ दिसते," असं बायका म्हणत.

गावातले झाम्फीरबाबा शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा त्यांची लेक लुक्रेत्सिया इटलीत अडकली होती. शेवटचं दर्शन तरी चित्रात मिळावं म्हणून तिनंच रुक्सांद्राला पाठवलं. रीतीप्रमाणे बाबांच्या हातात पेटती मेणबत्ती दिली होती. ती नसली तर माणूस मेल्यावर तिकडे अंधारात चाचपडतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मेणबत्तीचा पिवळा उजेड आणि दिव्याचा पांढरा एका चेहऱ्यावर जमेनात. एक गाल काविळीचा दिसू लागला. म्हणून रुक्सांद्रा म्हणाली, जरा बाजूला धरा. मेणबत्ती विझली, आणि ती पुन्हा पेटेपर्यंत बाबा गेले होते.

'बाबा अगदी जिवंत वाटतात,' लुक्रेत्सियानं कळवलं.

तेव्हापासून रात्री भरलेली बॅटरी सकाळी रिकामी. नवी आणली, तीही. दिव्यातून काढून ठेवली, तरी तेच. शेवटी काल पांतेलिमोननं ती आपल्या हत्यारांच्या पेटीत कुलूपबंद केली आणि किल्ली गळ्यात घालून झोपला. आज पेटी उघडली तर बॅटरी रिकामी. आणि हाताला कोमट, आत्ताच कुणी वापरून ठेवल्यासारखी.

"रविवारचं लग्न तळघरात आहे," रुक्सांद्रा म्हणाली. "एक खिडकी नाही. दिव्याशिवाय मी काय करू?"

"आणि त्यानं तिकडे अंधारात काय करावं?" सासूनं विचारलं. या वेळी आवाज चढला नव्हता.

रुक्सांद्रा आत गेली. तिनं बाबांचं चित्रण लावलं. आजवर तिनं त्यात फक्त गालावरचा उजेड पाहिला होता. आज डोळे पाहिले. ते मेणबत्तीवर होते. मेणबत्ती बाजूला झाली तसे तिच्यामागे गेले. ज्योत गेली. डोळे खोलीभर काहीतरी शोधत फिरले आणि थांबले. कॅमेऱ्यावर नाही, किंचित बाजूला, दिव्यावर. बुबुळांत एक पांढरा चौकोन उमटला. श्वास थांबल्यावरही नजर तिथंच होती, हात धरल्यासारखी.

तिनं दिवा पट्टीवरून सोडवला, बॅटरी आणि चार्जर घेतला आणि स्वयंपाकघरात आली.

"आई, झाम्फीरबाबांच्या नावानं हे घ्या."

मेलेल्याच्या नावानं जिवंत माणसाला दिलेली वस्तू तिकडे त्याला मिळते, असं गावात मानत. म्हातारीनं ॲप्रनला हात पुसले, दोन्ही हात पुढे करून दिवा घेतला. "पोचो त्याला," ती पुटपुटली.

"अगं, पण आपला धंदा?" पांतेलिमोन म्हणाला.

"दिवा आता बाबांचा. रोज संध्याकाळी बॅटरी आपण भरून ठेवायची. रविवारचं लग्न अंगणात, दिवसाउजेडी होईल. नवरीच्या घरी सांगायला मी आत्ता निघतेय."