परीच्या उशाखालचं लोखंड

खरं सांगते, मी असल्या गोष्टी वाचून हसणारी बाई आहे. आम्ही बौद्ध माणसं. परभणीला आमच्या घरात पप्पांनी कधी लिंबू-मिरची लावू दिली नाही, कोणाच्या गळ्यात ताईत बांधू दिला नाही. शेजारीण भूत म्हणाली की पप्पा तिला चहा पाजून समजावत बसायचे. मी नववीपर्यंतच शिकले, पण एवढं तर मला पण कळतं. तरी लिहितेय… कारण घरात कोणाला सांगायची सोय नाही. मोबाईलवर टाईप करतेय, माझी लेक परी मांडीवर आहे, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आम्ही मीरा रोडला पेणकरपाड्यात राहतो. जुनी चाळ आहे, वरच्या मजल्यावर आमची एक खोली, बाहेर लांब गॅलरी, पाण्याचा नळ खाली. बाजूच्या खोलीत घरमालकीण मावशी, ती इथलीच, आगरी. बाकी सगळे सकाळी डबा घेऊन जातात ते अंधार पडल्यावरच येतात. दुपारी पूर्ण मजल्यावर मी, परी आणि मावशी… आणि मावशी तर जेवली की घोरतेच. मग मी बोलणार कोणाशी? कुकरशी बोलायची मी. खोटं नाही सांगत.

परीचे पप्पा काशीमीऱ्याला ट्रकच्या गॅरेजमध्ये आहेत. रविवारी सुट्टी. पण त्यांना मोबाईलवर व्हिडिओ बघून एक नाद लागला — नायलॉनच्या दोरीला मोठं चुंबक बांधायचं आणि घोडबंदरच्या खाडीत फेकायचं. मग ओढायचं. काय काय चिकटून येतं. नटबोल्ट, कुलपं, गळ, एकदा सायकलची चेन. बादलीभर चिखल घरी आणायचे आणि पोरासारखे खुश व्हायचे. मी म्हणायची, "अहो, एक दिवस आमच्याजवळ बसा की." तर म्हणायचे, "तू पण चल ना." एवढं लहान बाळ घेऊन मी खाडीवर जाऊ? एक रविवार तेवढा माझा होता, तो पण खाडीने नेला.

परी खूप रडायची. रात्र नाही दिवस नाही, पोट आवळून आवळून रडायची. डॉक्टर म्हणाले गॅस आहे, होईल बरं. सासूबाई गावाकडून फोनवर म्हणाल्या, "उशाखाली लोखंड ठिवलंस का? बाळंतिणीच्या खोलीत लोखंड नको व्हय? विळा ठिव, न्हाईतर अडकित्ता." माझ्या पप्पांना कळलं असतं तर केवढे ओरडले असते! पण तुम्हीच सांगा, पोरगी निळी होईपर्यंत रडतेय, मी काय करू? विळा नव्हता आमच्याकडे. चाकू ठेवायची भीती वाटली, झोपेत लागला म्हणजे? मग बादलीत बघितलं. ह्यांनी आदल्या रविवारी काढलेला एक गोळा होता, दीड वीत लांब, वाकडा, सगळा काळा, वरून शिंपले चिकटलेले. कशाचा ते ह्यांना पण कळलं नव्हतं. म्हणाले कुठल्या तरी बोटीचा पार्ट असेल. मी तो घासून धुतला, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि परीच्या गोधडीखाली डोक्याच्या बाजूला सरकवला.

परी झोपली हो! पहिल्यांदा शांत झोपली. मी दहा वेळा नाकापुढे बोट धरून बघितलं.

त्याच्यानंतर दुपारी ती रडायचीच नाही. दाराकडे बघत पडून राहायची आणि हसायची. वाऱ्यासाठी दार मी उघडंच ठेवते. मी म्हटलं लहान बाळं हसतात तशी हसत असेल. फक्त एक होतं — ते फडकं रोज ओलं लागायचं. बदललं तरी ओलं. वास खाडीचा. मला वाटलं लोखंडात पाणी मुरलं असेल. लोखंडात कुठे पाणी मुरतं? पण तेव्हा डोकं चालायचंच नाही, झोप नव्हती ना किती दिवसांची.

मग एकदा खाली नळावर मावशी म्हणाली, "तुजा बापूस आयलाय का गो गावशी?"

मी म्हटलं, "नाही मावशी. का?"

"मंग तो म्हातारा कोन? रोज दुपारचा तुज्या उंबऱ्यावर उकिडवा बसलेला असतो. पोरीकडं पाठ करून, भायेर बघत. वॉचमन बसतो ना, तसा. चाय तरी देत जा त्याला, कंजूस!"

मी हसले. म्हटलं मावशीला मोतीबिंदू आहे. पण वर आले आणि उंबरा ओलांडताना पाय उचलेना. त्या दुपारी दार लावून बसले. तर परी अशी रडली, अशी रडली… शेवटी उठून दार उघडलं. गप्प झाली. दाराकडे बघून हात-पाय हलवायला लागली. मी भिंतीला पाठ लावून बसले, तिला उचलायची पण हिंमत होईना. आणि सांगू का… भीती वाटत होती तरी खोलीत कोणीतरी आहे, हे बरं पण वाटत होतं. किती दिवसांनी.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू सिरियल कमी बघत जा."

त्याच आठवड्यात झालं ते. दुपारची वेळ, परी झोपलेली, मी हंडा घेऊन खाली गेले. मावशी कपडे धूत होती. हंडा अर्धा भरला असेल आणि वरून धाड्कन आवाज आला. सुतळी बॉम्ब कानाशी फुटावा तसा. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. मी हंडा सोडून पळाले. मावशी मागून ओरडतेय, "काय झालं गो?" — मी जिन्यावर दोनदा पडले.

खोलीत सगळं जागच्या जागी. परी जागी होती, रडत नव्हती, दाराकडे बघत होती. मी तिला उचललं आणि तशीच बाहेर निघाले. गॅलरीत पाय ठेवला, तेवढ्यात मागे छत पडलं. प्लॅस्टरचा हा एवढा मोठा तुकडा, सरळ तिच्या गोधडीवर.

मी गॅलरीतच बसले. मावशी धापा टाकत आली, तिने आत बघितलं आणि छाती बडवायला लागली. मी म्हटलं, "आवाज झाला म्हणून आले मावशी, नाहीतर…"

"कंचा आवाज? आता पडलं त्याचा ना?"

"नाही, आधी! मी नळावर होते तेव्हा!"

"न्हाय गो. मी बाजूलाच होते ना. काय आवाज न्हाय झाला. तू अशीच उठून धावलीस."

संध्याकाळी ह्यांनी ढिगारा उचलला. खालून तो गोळा निघाला. प्लॅस्टर पडून त्याचे शिंपले, गंज, सगळं कवच फुटलं होतं. आतून मूठ दिसत होती. आणि घोडा. बंदूक होती हो… जुनी, हातात धरायची बंदूक. माझ्या लेकराच्या डोक्याखाली मी एवढे दिवस बंदूक ठेवली होती.

हे घाबरून पांढरे पडले. "परत खाडीत टाकतो. घरात सापडली तर पहिला मला आत टाकतील." मी म्हटलं, "उद्या दुसऱ्या कोणाच्या चुंबकाला चिकटली तर? दुसऱ्या कोणाच्या घरात गेली तर?" आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांच्यावर एवढ्या मोठ्याने ओरडले. शेवटी मावशी उठली. "चला. मी येतंय चौकीवर. बघतंय कोन काय बोलतो ते."

चौकीवर एक वयस्कर हवालदार होते. त्यांनी ती उलटी-सुलटी करून बघितली, ह्यांना खूप झापलं, परत खाडीत चुंबक टाकायचं नाही म्हणाले. मी घाबरत विचारलं, "साहेब, ही वाजली असेल का? आज दुपारी?" ते हसले. नळी माझ्याकडे केली. आत ठासून चिखल, त्यात शिंपले. "वहिनी, तुमच्या जन्माच्या आधीपासून वाजली नसेल ही. वाजणारच नाही."

मग मी काय ऐकलं?

मिस्त्री म्हणतो सळई गंजली होती, छत पडणारच होतं. मग मी खाली नळावर असताना मला वर हाक कोणी मारली? आणि हे म्हणतात — मस्करीत म्हणाले, पण माझ्या डोक्यातून जात नाही — "तुझ्या त्या आवाजानेच पडलं असेल छत." म्हणजे ज्याने वाचवलं त्यानेच…? की वाचवलंच? किती विचार केला, दोन्ही बाजूने तेवढंच खरं वाटतं.

आता छत नवीन आहे. चुंबक ह्यांनी गॅरेजला दिलं, रविवारी घरी असतात, मोबाईल बघतात. मावशी म्हणते आता कोणी बसत नाही. परी दुपारी दाराकडे बघते, बराच वेळ बघते, आणि मग रडते. मी पण बघते. आभार मानायला तोंड उघडते आणि तसंच मिटते… ऐकलं त्याने आणि परत आला तर? आणि काही दुपारी एवढं सुनं सुनं वाटतं ना, की वाटतं, ऐकू दे.