हंगामापुरती गोळी

शिरूर कासारच्या स्टँडवर आई सोडायला आली होती. आमच्याकडे गाव सोडायचं ते ऊसतोडीला. दसऱ्यानंतर जायचं, गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचं. मी निघाले होते माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या, मयुरीच्या उपचारासाठी. पुण्याच्या डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं होतं. आईला कळलं ते एवढंच, की पोरीचं चित्त ठरत नाही आणि ती मागचापुढचा विचार न करता धावत सुटते.

"कवा येशील?"

"पाडव्याला," मी सवयीनं म्हणाले.

पुण्यात रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. आठवड्यातून एकदा थेरपिस्ट बाई. त्या मयुरीपेक्षा मलाच जास्त शिकवायच्या: एका वेळी एकच काम सांगा, झालं की लगेच शाबासकी द्या. मला भीती गोळीची. मयुरीची भूक मंदावली होती. दर महिन्याला ती वजनकाट्यावर चढली, की मी मागच्या महिन्याचा आकडा ताडून बघायचे. तरी डिसेंबरात तिनं अख्खा धडा बसून वाचला.

पाडव्याला गावी गेलो. आई म्हणाली, "लई वाळली गं. हंगाम झाला न्हवं? आता कावून गोळ्या चारायलीस?" मलाही वाटलं, झालं की. डॉक्टरांना न विचारता मी गोळी बंद केली. पोरांना घेऊन गावी जाणाऱ्या तुम्हा सगळ्यांना सांगते, चूक माझी होती, आईची नाही.

चौथ्या दिवशी रस्त्यापलीकडे करडू दिसलं आणि मयुरी हात सोडवून धावली. समोरून रिकामी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. तिच्या फ्रॉकला पुढच्या चाकाची धूळ लागली, एवढंच. तो खाली उतरून ओरडला, "ओ मावशी, पोरगी नकोशी झाली का?" मी मयुरीचं मनगट घट्ट धरून तिला बाजूला घेतलं.

पुण्याला परतून सगळं सांगितलं, तर डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, गोळी कमी करू, बदलू, थांबवूही. पण मिळून ठरवू. आणि गोळी चालू असली तरी रस्त्यात हात सोडू नका. गोळी किती वर्षं लागेल, ते त्यांनी सांगितलं नाही.

आम्ही पुण्यातच राहिलो. सोळा वर्षांची मयुरी या मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाला एकटी गावी गेली. तिथं कुणी तरी "एक दिवस गोळी चुकली तर काय होतंय" म्हणेल आणि ही मान डोलवेल, या धास्तीनं मला सकाळचा चहा जाईना. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "घेतली बरं का. माझ्यासमोर घेतली. तू तिकडं दोन घास खा."

भीती गेलेली नाही. पण गावात आता ती वाटून घेणारं एक माणूस आहे. मला घर म्हणायला तेवढं पुरतं.