निळा पट्टा, गुलाबी पट्टा

शिवणकाकूंचा नवरा गेला तेव्हा मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. तेव्हापासून काकूंनी शिलाई मशीनवर घर चालवलं. आल्यागेल्याचं माप त्या नजरेने सांगत. पोटच्या पोरीचं तेवढं कधी घेता आलं नाही.

पोरीला आपली खोली गडद निळी हवी होती. "माझ्या घरात काळोखी कोठडी नको," काकू म्हणाल्या. शब्दाने शब्द वाढला आणि पोरगी दुसऱ्या शहरात नोकरी धरून निघून गेली.

आणि परवा अचानक तिचा फोन. "रविवारी येते. तिकडे बदली मिळतेय म्हणतात. बघू."

त्या एका 'बघू'वर काकूंनी रंगारी बोलावला.

त्याने नेहमीसारखे भिंतीवर शेजारीशेजारी दोन पट्टे मारले. वाळल्यावर रंग खरा कळतो, मग ठरवायचं. एक गडद निळा. दुसरा काकूंनी मुद्दाम फिका गुलाबी सांगितला, पोरीच्या हमखास डोक्यात जाणारा.

"काकू, हा खोकल्याच्या औषधासारखा दिसतोय हो!"

"दिसू दे. भांडायला काहीतरी नको का?"

पोरगी फणकारेल, आपण मुकाट ऐकून घेऊ, मग निळ्याला हो म्हणू, असं काकूंनी मनाशी ठरवलं होतं. राहायचं असलं की माणूस भांडतं.

रविवारी मुलगी आली. खांद्याची पिशवी न उतरवताच खोलीच्या दारात उभी राहिली.

"बोल, कुठला? मला तर बाई गुलाबी फार आवडलाय," काकूंनी काडी टाकली.

मुलगी हसली. "मग गुलाबीच दे की."

"अगं, पण तुला तर..."

"तुलाच बसायचंय ना इथे? मशीन खिडकीशी आण, आई. उजेड चांगला पडेल. डोळे किती ताणतेस!"

बदलीचं विचारायला काकूंनी तोंड उघडलं आणि पाणी आणायला आत गेल्या.

ती संध्याकाळीच परत गेली. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने खोली गुलाबी केली, पण खिडकीशेजारी एका जागी खालचा निळा दिसतच राहिला.

"गडद आहे काकू, एका हातात झाकला जात नाही. अजून एक हात मारू?"

"नको, राहू दे," काकू म्हणाल्या. "मशीन तिथेच लावायचंय. मी तिकडे तोंड करून बसेन."