वेदीवरचा जिवंत भाऊ

ओतिलियाचा सारा जन्म मेक्सिकोतल्या ओहाकाच्या डोंगरातल्या एका गावात मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले विकण्यात गेला. तिथले मेलेले लोक वर्षातून एकदा घरी जेवायला येतात. म्हणून दर नोव्हेंबरात ती झेंडूंनी सजवलेल्या वेदीवर धाकट्या भावाचा, फिदेन्सिओचा, फोटो मांडायची. तो उत्तरेला, अमेरिकेत, कामाला गेला आणि शवपेटीतून परतला, हे सगळ्या गावाला आठवत होतं. बँड, पाऊस, आईचा आक्रोश, सगळं.

यंदा वेदी सजत असतानाच फिदेन्सिओ दारात येऊन उभा राहिला. केस पांढरे झालेले, पण जिवंत.

गाव गोळा झालं. गावच्या रेडिओवर बोलणाऱ्या तिमोतेओकाकांनी लगेच उलगडा केला. "विज्ञान आहे हे! दोन विश्वं एकमेकांना घासली. हा मेला त्या विश्वात, आठवण सांडली इकडे. नाहीतर अख्खं गाव एकच चूक कशी करेल?"

"म्हणजे मी अर्धा मेलोय होय, काका? मग अर्धंच ताट वाढा."

लोक सुटका झाल्यासारखे हसले.

ओतिलियाला मात्र आता नीट आठवत होतं. ती पेटी उत्तरेतच मेलेल्या चुलतभावाची होती. फिदेन्सिओची पत्रं थांबली तेव्हा त्याला शोधायला जाण्यापेक्षा फोटो मांडून रडणं सोपं होतं. गावाला त्याची अंत्ययात्रा आठवू लागली ती त्यानंतर.

"ताई, तू मला शोधलंस का गं?"

"काका म्हणतात तेच खरं असेल," ती म्हणाली, आणि वेदीवरचा फोटो उचलायच्या निमित्तानं तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली.