दुधाच्या दातातलं शिसं

पडलेला दुधाचा दात आपल्याकडे कौलावर फेकतात. हुपरीच्या त्या सुनेनं मात्र पोराचा दात कुंकवाच्या डबीत जपून ठेवला होता. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तो घेऊन ती आमच्या प्रयोगशाळेत आली. सोबत सासू होती. पोराच्या रक्तात शिसं सापडलं होतं. शाळेत जायच्या वयाचा झाला तरी त्याला धड वाक्य जुळवता येत नव्हतं, आणि घरात त्याचं खापर आईवर फुटत होतं. हिनं आमच्या घराला हे असलं पोर दिलं, असं सासू माझ्यासमोरही बिनदिक्कत म्हणाली.

ती पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा सून हळूच म्हणाली, "मॅडम, जन्मल्यावर लागलं आसंल न्हवं? तेवढं निघू दे की."

दात उभा चिरून मी यंत्राखाली ठेवला. लेसरचा ठोका बसला की बारीकशी ठिणगी उडते, आणि तिच्या उजेडात प्रत्येक धातू आपापली रेघ उमटवतो. शिसं कणभर असलं तरी लपत नाही. दात थराथरानं वाढतो, जन्माच्या वेळची खूणही त्यात राहते. त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना मी ठोके देत गेले. शिसं जन्माच्या आधीच्या थरातही होतं. परत परत पाहिलं, तरी होतंच. त्या यंत्राचा मला इतका राग कधी आला नव्हता.

पोटात असतानाच गेलंय, असं मी सांगितलं. खोटं बोलता आलं नाही.

"बघा," सासू म्हणाली, "हिच्या पोटातलंच. आमी काय येगळं सांगत हुतो?"

गरोदरपणात काय काम करायचीस, असं मी सुनेला विचारलं. पैंजण घासताना पडलेला चांदीचा चुरा शिसं घालून आटवायची भट्टी घरातच होती. नववा लागेपर्यंत तीच तिथं बसायची.

"आजी, शिसं हिनं माहेरून आणलेलं नाही," मी म्हणाले. "तुमच्या भट्टीच्या धुरातून हिच्या अंगात गेलं, तिथून पोराच्या."

"आमी जलमभर तितंच बसलोय. आमास्नी काय झालं?"

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दाताचे तुकडे सुनेनं परत मागून घेतले आणि डबीत ठेवले.

पुढच्या वर्षी सासू एकटीच आली, पेढे घेऊन. पहिल्या सुनेला पोरासकट जयसिंगपूरला माहेरी धाडलं होतं, सोडचिठ्ठी झाली होती. दुसरी सून आणली होती, तिला दिवस गेले होते.

"तुमच्या मशिनीनं निकाल दिला म्हनून सुटलो बगा," ती म्हणाली.

पेढा माझ्या हातातच राहिला. नवी सून कुठं आहे, मी विचारलं.

"भट्टीवर की. हात लई चांगला बसलाय तिचा."