हायड्रोजन आयोडाइडचं गणित

डहाणूच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असताना मी तलासरीकडच्या डोंगरातून आलेल्या एका मुलीला समतोल स्थिरांकाच्या गणितात शून्य दिलं. गणित बरोबर होतं. हायड्रोजन आणि आयोडीनचं हायड्रोजन आयोडाइड होतं, तेव्हा दोन्ही बाजूंना वायूच्या रेणूंची संख्या सारखीच. भांडं दोन लिटरचं असो की दहा, घनफळ वरखाली कटून जातं. म्हणून तिनं थेट मोल घेतले होते. मी मात्र प्रत्येक आकडा आधी घनफळानं भागायला शिकवलं होतं.

"उत्तर पाहून लिहिलंस," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"नाही सर, घनफळ कटतं."

"खाली बस."

घरी जाऊन करून पाहिलं. कटत होतं. तरी तिचं शून्य तसंच राहू दिलं.

ती आता तलासरीला हाच विषय शिकवते. परवा धीर करून फोन केला, चूक माझी होती म्हणालो, आणि ते तिच्या विद्यार्थ्यांसमोर सांगू का विचारलं.

"या की सर. अकरावीला समतोलच चाललाय."

कासा गावावरून शेअर जीपनं गेलो. पश्चात्तापाला निघालेला माणूस, आणि चक्क गाणं गुणगुणत होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, "लग्नाला का, बाबा?"

"या गणितात मी तुमच्या मॅडमना शून्य दिलं होतं. त्यांनी पाहून लिहिलं नव्हतं," मी वर्गात मुलांना सांगितलं. "चूक माझी."

"मग आता करून दाखवा, आजोबा," मागून आवाज आला.

मी उत्साहानं खडू उचलला. आयोडाइड एक पूर्णांक सहा मोल, हायड्रोजन आणि आयोडीन प्रत्येकी शून्य पूर्णांक दोन. घनफळाला हात न लावता, तिच्याच रीतीनं, झरझर. उत्तर चाळीस.

खसखस पिकली. "आजोबा, वरचा स्क्वेअर राहिला. चौसष्ट येतं."

"मॅडम, यांनी तुम्हाला शून्य दिलं?"

ती हसता हसता टेबलाला टेकली. मलाही आवरेना, डोळ्यांत पाणी आलं.

"मला वाटायचं, तुम्हाला कधी कळलंच नसेल," ती म्हणाली.

"त्याच संध्याकाळी कळलं होतं." फोनवर हे सांगायचं धाडस झालं नव्हतं.

तिचं हसू थांबलं. मग डस्टर माझ्या हातात देत म्हणाली, "पुसा, सर. आणि पुन्हा करा. सगळ्या स्टेप्स लिहा, उड्या नकोत."

मी लिहायला लागलो. मुलं प्रत्येक ओळ मोठ्यानं तपासत होती, आणि इतका आनंद मला शिकवताना कधी झाला नव्हता.