आधी तात्यांचे कान

आमचे तात्या कुठल्याही घरात शिरताना आधी स्वतःच्या कानांची थट्टा करायचे आणि मग चपला काढायचे. मी लग्न होऊन सासरी आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दारातून आवाज आला, "सूनबाई, कान आल्यात. मी मागनं येतोय." मी चहाचं आधण तसंच ठेवून बघायला आले. उंच, काटक, उन्हानं रापलेला माणूस दारात उभा. डोक्याला पांढरा टॉवेल कानांवरून घट्ट गुंडाळलेला, तरी दोन्ही बाजूंना फुगलेला. "बघितलंस न्हवं? आता हसून घे. एकदा हसलं की दोघंबी मोकळं," ते म्हणाले. मी नवी नवरी, हसावं की नाही तेच कळेना. पण सगळं घर हसत होतं, म्हणून मीही हसले.

तात्या म्हणजे माझे चुलत सासरे, दत्तात्रय. माझे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांचे धाकटे भाऊ. आमचे हे माळेगावला कारखान्यात नोकरीला, त्यामुळे आम्ही आबांसकट बारामतीत राहतो. तात्या आणि शालनकाकू मात्र इंदापूर तालुक्यात, वरकुट्याला मळ्यात. डाळिंबाची बाग, थोडा भाजीपाला. बाजाराच्या निमित्तानं तात्या मोटरसायकलवरून यायचे आणि जाताना एक पिशवी डाळिंबं आमच्या ओट्यावर ठेवून जायचे.

त्यांचे कान तसे फार मोठे नव्हते. पण डोक्याला टेकायचं सोडून ते सरळ बाहेर, सुपासारखे उभे राहिलेले. त्यावरचे विनोद तात्यांकडे तयारच असायचे. "वारं सुटलं की मला बांधून घाला, न्हाईतर उजनीच्या धरणात जाऊन पडायचो." "आमच्या बागंत पाखरं येत न्हाईत. टावेल काढून जरा हुबा ऱ्हातो की मी." लग्नकार्यात, सोसायटीच्या बैठकीत, अगदी एखाद्याच्या दहाव्याला गेले तरी तात्या कानांचं काहीतरी बोलून माणसं मोकळी करायचे. अख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्याइतका खुशालचेंडू माणूस नाही, असं आमचं सगळ्यांचं मत होतं.

काही गोष्टी मात्र त्या खुशालीत बसत नसत. टॉवेल उन्हाळा-हिवाळा डोक्यावर असायचाच. आधार कार्डाच्या फोटोला तो काढायला लावला, तर ते कार्ड त्यांनी पाकिटात कायम उलटं ठेवलं. आणि आमच्याकडच्या लग्नात कानपिळीची वेळ झाली, की तात्या मांडवातून गायब. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, 'माझ्या बहिणीला नीट सांभाळ' अशी तंबी देतो आणि नवऱ्याकडून पोशाख घेतो. सगळ्या लग्नातला हा हसण्या-खिदळण्याचा क्षण. नेमका त्याच वेळी तात्यांना भात शिजला का ते बघायचं असायचं.

मग आमची ऋतुजा जन्मली, ती थेट तात्यांचे कान घेऊन. आबांनी बारशाला पेढ्यांबरोबर ती बातमीही वाटली. "आमच्या दत्तूचं कान आलं! भाग्यवान पोर हाय." पोर पाळण्यात होती तोवर आम्हालाही त्याचं कौतुकच होतं. मुलगी आहे, केस वाढले की झाकून जाईल, असं मीही म्हणायचे. पण शाळेनं दोन वेण्या आणि रिबिनीचा नियम काढला, आणि झाकायची सोयच राहिली नाही. छपरावरच्या डिश अँटेनावरून वर्गात तिचं नाव 'डिश' पडलं. मग सोमवार उजाडला की तिच्या पोटात दुखायला लागायचं. स्नेहसंमेलनात कोळीनाचाला अंबाडा घालायचा आहे असं कळलं, तशी ती स्वतःच बाईंकडे जाऊन नाव काढून आली. घरी येऊन म्हणाली, "मला नाचायला आवडत नाही." जी पोर भांड्यांच्या आवाजावर नाचायची, तिच्या तोंडचं हे वाक्य.

आम्ही दोघं तिला बारामतीतल्याच एका प्लास्टिक सर्जन डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी कानाच्या मागे छोटा छेद घेऊन, आतल्या कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, टाके घालून कान मागे कसा बसवतात ते समजावून सांगितलं. या वयात करता येतं, म्हणाल्या. मग आम्हाला सोडून ऋतुजाकडे वळल्या. "हे करायलाच पाहिजे असं काही नाही हं. तुझे कान छान ऐकतात. तुला हवं असेल तरच करू." ऋतुजानं 'हो' म्हणून एवढ्या जोरात मान हलवली, की तिची रिबीन सुटली.

घरी आल्यावर आबांनी आकाशपाताळ एक केलं. "देवानं दिल्यालं कान! त्याला कात्री लावायची? दत्तूचं काय वाईट झालं त्या कानानं? बायकू मिळाली, बाग हाय, चार मान्सं इचारत्यात." शेवटी आबा म्हणाले, "मी सांगून पोर ऐकायची न्हाय. सोनारानंच कान टोचल्यालं बरं. दत्तूला बोलवा."

रविवारी दुपारी तात्या आणि शालनकाकू आले. तात्या दारातच, "ऋतू, आपली पार्टी आली गं! आपलं कान बघून लोक वाट देत्यात." ऋतुजा हसली नाही. तात्यांनी उजनीचा विनोद काढला, पाखरांचा काढला. पोर त्यांच्याकडे नुसती बघत होती. मग म्हणाली, "तात्याआजोबा, तुम्ही टॉवेल कशाला बांधता?"

"उन्हाचा गं."

"आमच्या घरात कुठे ऊन आहे?"

आबा हसायला गेले, पण त्यांचं हसू कोणी उचललं नाही. तात्यांनी दोन्ही हात वर करून टॉवेल सोडला, मांडीवर घेतला आणि घडी घालायला लागले. माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण त्यांचं मोकळं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"न्हाय आवडत," ते म्हणाले. "मला माझं कान न्हाय आवडत, पोरी. कवाच न्हाय आवडलं."

मग त्यांनी स्वतःच्या लग्नातली गोष्ट सांगितली. शालनकाकूंचा भाऊ कान पिळायला आला. कान हातात धरला आणि माईक जवळच होता, त्यात म्हणाला, "हितं तर येक कान पिळायला दोघं भाऊ लागतील की!" सगळा मांडव पोट धरून हसला. नवी नवरी मान खाली घालून हसली. "मंग मीबी हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. त्या दिवसापास्नं ठरवलं, दुसऱ्यानं हसायच्या आधी आपुन हसायचं. जरा कमी लागतं."

शालनकाकूंनी पदर तोंडाला लावला. "येवढी वर्सं मला बोलला न्हाईत," एवढंच म्हणाल्या.

आबा चाचरत म्हणाले, "अरं पर दत्तू, मी तर तुला पोरीला समजवायला..."

"दादा, समजवतो की. पर तुला समजवतो." तात्यांचा आवाज चढला नाही. "ह्या पोरीनं जलमभर इनोद करत हिंडायचं का? हिला दुसरं काम न्हाय व्हय?"

आबा तिथून उठून आत गेले. थोड्या वेळानं बाहेर येऊन त्यांनी तारीख कधीची घ्यायची ते विचारलं.

पण खरी अडचण पुढेच होती. भूल देऊन झोपवतात हे ऋतुजाला वर्गातल्या कुणीतरी सांगितलं, आणि त्यात झोपलेलं माणूस कधी कधी उठतच नाही, हेही सांगितलं. झालं! तिनं अंथरुणाला पाठ लावणं सोडलं. नको म्हणाली. मग रडत रडत हवंय म्हणाली. मग पुन्हा नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जबरदस्ती करू नका, थांबू. आम्ही थांबलो, पण सोमवारचं पोटदुखणं थांबेना. एवढ्याशा जिवाला दोन्हीकडून कोंडलेलं बघवत नव्हतं.

तात्यांच्या कानावर हे गेलं. ते ऋतुजाला म्हणाले, "आसं करू. आधी माझं करू. दुखतं का न्हाय ते मी बघून येतो आन तुला खरं खरं सांगतो. मंग तू ठरव."

आम्हाला वाटलं, पोरीची समजूत काढताहेत. पण ते खरोखरच डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. बाई म्हणाल्या, "तात्या, वयानुसार कूर्चा कडक होते, थोडं अवघड जातं. पण तब्येत ठणठणीत आहे, करता येईल. तुम्हाला पूर्ण भूलही लागणार नाही." रक्त, बीपी, सगळं तपासून झालं. वरकुट्यात मात्र बोभाटा झाला. "दत्तूला म्हातारचळ लागला," असं पारावर बोललं गेलं. तात्यांनी तिथेच जाऊन उत्तर दिलं. "तुमी समद्यांनी दात बसवलं तवा मी हसलो का? मंग मी कान बसवलं तर तुमच्या का पोटात दुखतंय?" पारावरच्या निम्म्या माणसांच्या तोंडात कवळी होती, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

ऑपरेशन होऊन ते बाहेर आले तेव्हा डोक्याभोवती भलंमोठं बँडेज. "डॉक्टरनं फुकटात फेटा बांधला," म्हणाले. तो त्यांचा कानांवरचा शेवटचा विनोद, हे तेव्हा आम्हाला कळलं नाही. ऋतुजानं लगेच विचारलं, "दुखलं?" तात्या तिच्यासमोर खाली बसले. खोटं बोलायचं नाही असं ठरलेलं. "सुई टोचताना दुखलं. मंग काय कळलं न्हाय, बाईंशी डाळिंबाच्या तेल्या रोगावर गप्पा मारत पडलो. रातच्याला ठणकंल म्हणत्यात, त्याला गोळी हाय. ते उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, ठणकलं, पण गोळीनं थांबलं. आठवड्यानं सांगितलं, खाजतं लई, पण खाजवायचं नाही. ऋतुजानं प्रत्येक गोष्ट नीट ऐकून घेतली. आणि एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाली, "आई, माझंपण करूया."

तिच्या ऑपरेशनच्या दिवशी तात्या पहाटेच वरकुट्याहून येऊन हॉस्पिटलच्या बाकावर बसले. डोक्याला रुंद इलॅस्टिकची पट्टी, कारण कान पुन्हा मुडपू नयेत म्हणून ती अजून काही दिवस लावायची होती. ऋतुजाला आत नेलं तेव्हा त्यांनी तिला लांबूनच पट्टी दाखवली, आणि ती चक्क हसत गेली. दार बंद झालं. मी देवाचं नाव घेत होते, आबा येरझाऱ्या घालत होते, आमचे हे भिंतीवरचा तोच बोर्ड वाचत होते. मध्येच तात्या मला म्हणाले, "सूनबाई, मी हिला पुढं ढकललं न्हाय न्हवं?" मी म्हटलं, "नाही तात्या. तुम्ही तिच्या पुढे चाललात."

दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई हसतच बाहेर आल्या. सगळं छान झालंय, शुद्धीवर येतेय, पाणी मागतेय. आबांनी डोळे पुसले आणि कोणी बघितलं नाही ना ते बघितलं. तात्यांनी एक लांब श्वास सोडला. "आता कुनीतरी च्या पाजा रं. सकाळपास्नं घोट उतरला न्हाय."

नंतर ज्या दिवशी तात्या पट्टीशिवाय आमच्याकडे आले, तेव्हा मी स्वयंपाकघरात कानांचा विनोद ऐकायला थांबले होते. सवयच तशी. बाहेरून नुसता आवाज आला, "सूनबाई, हायस का घरात?" टॉवेल खांद्यावर होता. कान डोक्याच्या कडेला शहाण्यासारखे बसलेले. मग तो टॉवेल खांद्यावरच राहिला. आणि विनोद बंद झाल्यावर आम्हाला एक वेगळेच तात्या भेटले. शांत, दुसऱ्याचं ऐकून घेणारे, माझ्या माहेरच्या, डाळजच्या माणसांची एकेकाची चौकशी करणारे. लोकांना हसवायचं काम एवढी वर्षं त्यांच्यावर होतं. ते सुटलं, तसा माणूस हलका झाला.

त्यानंतर माझ्या धाकट्या दिराचं लग्न इंदापूरच्या कार्यालयात झालं. ऋतुजानं अंबाडा घातला, त्यावर गजरा माळला आणि वरातीत घाम येईपर्यंत नाचली. कानपिळीची वेळ झाली तेव्हा मी सवयीनं जेवणाच्या बाजूला पाहिलं. तात्या तिथे नव्हते. ते सगळ्यांच्या पुढे, बोहल्याजवळ उभे होते. नवरीच्या भावानं हसत दिराचा कान धरला आणि जरा जोरातच पिळला. तात्या पुढे झाले. "हळू रं, बाबा. पोशाख तसाबी मिळतोय की तुला." पोरगं ओशाळलं, हात सैल केला, सगळे हसले, आणि त्यात कोणाचीच चेष्टा नव्हती.

मग त्यांनी ऋतुजाला हाक मारून जवळ घेतलं आणि फोटोवाल्याला थांबवलं. मला म्हणाले, "ह्यो फोटू मोठा करून ठिवा. माझ्या मागं भिंतीवर ह्योच लावा. टावेलातला लावलात तर खाली उतरून यीन." मी म्हटलं, "तात्या, पोरीसाठी तुम्ही केवढं केलंत." त्यांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "पोरीचं निमित्त झालं गं. खरं सांगू का? मला करायचंच हुतं. हिच्याएवढा हुतो तवापास्नं."

तात्या गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच, कुणाला काही त्रास न देता. तो फोटो वरकुट्याला भिंतीवर आहे आणि एक आमच्याकडे, आरशाशेजारी. ऋतुजा त्याच्यासमोर उभी राहून दोन वेण्या घालते, केस मागे घट्ट ओढून, रिबिनी कानांच्या वर बांधते आणि शाळेला पळते. फोटोत ती दात काढून हसते आहे. तात्या हसत नाहीत. फोटोवाल्यानं त्या दिवशी त्यांना "हसा की, तात्या," असं सांगितलं होतं. तात्या म्हणाले होते, "लई हसलो, बाबा. आता नुसतं बघू दे."